जागतिक आरोग्य संस्थांमधल्या फेलोशिप: पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी

दर वर्षी दिवाळीच्या आसपास एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी करणाऱ्या कुणाचा तरी मेसेज येतो: "ताई, डब्ल्यूएचओत, जागतिक आरोग्य संघटनेत जायचंय. काय करावं लागतं?" मी उलट विचारते, "तुझ्या प्रबंधाचा प्रश्न एका वाक्यात सांग बरं." पलीकडून थोडा वेळ काहीच येत नाही. मग तीन-चार वाक्यं येतात. त्यात 'हेल्थ सिस्टीम', 'कम्युनिटी', 'अवेअरनेस' हे शब्द असतात. गाव, माणूस आणि आजार नसतो. अर्ज नेमका इथेच अडतो. इंग्रजी, गुण, कॉलेजचं नाव हे सगळं त्यानंतरचं.

गेली काही वर्षं मी असे अर्ज पाठवण्याआधी वाचून देते. त्याआधी माझा स्वतःचा अर्ज दोनदा नाकारला गेला होता, तिसऱ्यांदा लागला. यातून जे कळलं ते क्रमानं लिहिते आहे. एमपीएच, एमडी पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र), नर्सिंग, समाजकार्य, लोकसंख्याशास्त्र, संख्याशास्त्र यांचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि बीएएमएस-बीडीएसनंतर सार्वजनिक आरोग्याकडे वळलेली मंडळी माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

पायरी १: शब्दांचा गोंधळ आधी मिटवा

'फेलोशिप' हा शब्द आपल्याकडे सगळ्यालाच लावतात. प्रत्यक्षात चार वेगळ्या गोष्टी असतात. इंटर्नशिप म्हणजे शिकत असताना किंवा शिक्षण संपल्यावर लगेच, काही आठवडे ते सहा महिने संस्थेच्या एखाद्या विभागात काम. स्कॉलरशिप म्हणजे परदेशातल्या पदवीचा खर्च. संशोधन फेलोशिप म्हणजे मार्गदर्शकाच्या हाताखाली वर्षभर किंवा अधिक काळ तुमच्याच प्रश्नावर काम. चौथा प्रकार ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर, म्हणजे जेपीओ. यात पैसे श्रीमंत देशांची सरकारं देतात आणि बहुतेक सरकारं आपल्याच नागरिकांना पाठवतात. भारतीय पासपोर्टवर त्याच्या मागे लागून वेळ घालवू नका.

यूएन व्हॉलंटिअरचाही पर्याय आहे. नावात 'व्हॉलंटिअर' असलं तरी निर्वाहभत्ता मिळतो, आणि शिक्षण संपवून एक-दोन वर्षं काम केलेल्यांना तो चांगला जमतो.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगते. २०२५ हे वर्ष या क्षेत्राला फार जड गेलं. जानेवारीत अमेरिकेनं जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडायचं जाहीर केलं, जुलैत यूएसएड या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेचा कारभार बंद झाला, आणि संघटनेनं २०२६-२७चं अंदाजपत्रक ५.३ अब्ज डॉलरच्या मूळ प्रस्तावावरून ४.२ अब्जांवर आणलं. म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारी 'टॉप ५० फेलोशिप' यादी २०२५च्या आधीची असेल तर तिच्यावर विसंबू नका. प्रत्येक संस्थेच्या पानावर जाऊन या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा.

पायरी २: तुमचा एक प्रश्न पक्का करा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. महिना लागला तरी चालेल.

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही बीड जिल्ह्यातल्या आहात. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे ज्याच्या गोळ्या ऑक्टोबरात सुरू झाल्या, त्याचा जवळजवळ सगळा उपचार उसाच्या फडावर जाणार, सांगलीत, कोल्हापुरात नाहीतर पार कर्नाटकात. क्षयरुग्णांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या निक्षय पोर्टलवर रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे वर्ग करता येतो, हे खरं. पण गाडी सेंटरची, म्हणजे बैलगाडीनं ऊस वाहणारी टोळी कारखान्याजवळ कोपी (पाचटाची झोपडी) टाकून राहते, तर ट्रक-ट्रॅक्टरची टोळी फडांसोबत हलत राहते. मग रुग्ण वर्ग करायचा तो कुठल्या आरोग्य केंद्राकडे? क्षयरुग्णाला सरकार देतं ते पोषणासाठीचे पैसे नोव्हेंबर २०२४पासून महिना ५०० रुपयांवरून १,००० झाले आहेत; ते ज्या खात्यात येतात त्याचं पासबुक गावी सासूकडे असेल तर फडावरच्या बाईच्या ताटात त्यातलं काय पडतं?

हा झाला प्रश्न. त्यात जागा आहे, काळ आहे, आजार आहे, सरकारी व्यवस्थेतली एक नेमकी फट आहे. 'ऊसतोड मजुरांचं आरोग्य' हा प्रश्न नव्हे, तो विषय आहे. विषय हजार जणांचा असतो. प्रश्न तुमचा एकटीचा असू शकतो, कारण तुम्ही त्या कोपीत बसून चहा प्यायलेला असतो. आणि हंगामी स्थलांतरितांचा उपचार तुटणं ही एकट्या बीडची अडचण नाही. जिथे मजूर पिकामागे फिरतात तिथे ती आहे. जिनिव्हात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयात बसलेल्या माणसाला तुमचा अर्ज महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

आपल्याकडची कामं जगभर पोचली ती याच वाटेनं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला सुरुवात केली आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. आज जगभरातून विद्यार्थी जामखेडला शिकायला येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तिथे नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि २०११पासून आशाताईंमार्फत ती पद्धत देशभर लागू झाली. त्या निबंधाच्या मुळाशी एकच प्रश्न होता: दवाखान्यापर्यंत न पोचणारं बाळ घरीच वाचवता येईल का?

तुमच्याकडे अजून क्षेत्रातला अनुभवच नसेल तर अर्जाची घाई करू नका. आधी सहा महिने कुठेतरी रुजा. जिल्हा क्षयरोग कार्यालय, एखादं पोषण पुनर्वसन केंद्र, पुण्याजवळच्या वढूत केईएम रुग्णालय संशोधन केंद्र चालवत असलेला लोकसंख्या-आरोग्य नोंदींचा प्रकल्प, आरोग्यावर काम करणाऱ्या मुंबईतली 'सेहत' आणि पुण्यातली 'साथी' या संस्था, अशी ठिकाणं आहेत. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठासोबत एचआयव्ही आणि क्षयरोगावर वर्षानुवर्षं संशोधन चालू आहे. आंतरराष्ट्रीय प्रकल्प आतून कसा चालतो हे मुळा-मुठेच्या काठीच पाहायला मिळतं.

पायरी ३: दार निवडा

एकदम वीस ठिकाणी अर्ज टाकू नका. तीन निवडा, पण ती नीट वाचून निवडा.

जागतिक आरोग्य संघटनेची इंटर्नशिप हे सगळ्यांना माहीत असलेलं दार. वय अर्जाच्या दिवशी किमान २० वर्षं हवं. तुम्ही पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला असायला हवं, किंवा तो संपून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायला हवा. काम सुरू करण्याआधी विद्यापीठातली तीन पूर्ण वर्षं झालेली हवीत. मुदत किमान ६ आणि कमाल २४ आठवडे. आई-वडील, भावंडं किंवा मुलं संघटनेत नोकरीला असतील तर चालत नाही. एकदा इंटर्नशिप केली की परत मिळत नाही, म्हणून ती बीएच्या शेवटच्या वर्षात उरकून टाकण्यापेक्षा एमपीएचच्या प्रबंधाच्या काळासाठी राखून ठेवावी असं माझं ठाम मत आहे. अर्ज त्यांच्या स्वतःच्या ऑनलाइन भरती प्रणालीवरच होतो.

या इंटर्नशिपला एक इतिहास आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. पूर्वी इथे भत्ता मिळत नसे, त्यामुळे जिनिव्हात स्वतःच्या खर्चानं राहू शकणारेच जात. मे २०१८मध्ये जागतिक आरोग्य सभेनं ठराव केला की २०२२पर्यंत निम्मे तरी इंटर्न अल्पविकसित आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले असावेत. २०२०पासून भत्ता सुरू झाला. म्हणून 'आपल्यासारख्यांना कोण घेणार' हे मनातून काढून टाका.

जिनिव्हाखेरीज सहा प्रादेशिक कार्यालयं आहेत: दिल्ली, मनिला, कैरो, ब्राझाव्हिल, कोपनहेगन आणि वॉशिंग्टन. दिल्लीचं दक्षिण-पूर्व आशिया कार्यालय आपल्या मुलांच्या डोळ्यांत भरत नाही, कारण तिथे जायला विमानात बसून सातासमुद्रापार जावं लागत नाही. मला ही मोठी चूक वाटते. तुमचा प्रश्न काळा आजाराचा, हत्तीरोगाचा, सर्पदंशाचा किंवा क्षयरोगाचा असेल तर ज्यांच्याकडून शिकायचं ती माणसं दिल्लीत आहेत. व्हिसा नाही आणि राहण्याचा खर्च कितीतरी कमी.

टीडीआर हे दुसरं दार. १९७५मध्ये सुरू झालेला हा उष्ण कटिबंधीय रोगांवरच्या संशोधनाचा आणि प्रशिक्षणाचा कार्यक्रम. युनिसेफ, यूएनडीपी, जागतिक बँक आणि जागतिक आरोग्य संघटना मिळून तो चालवतात. त्याच्या पदव्युत्तर योजनेत अंमलबजावणी संशोधनातल्या मास्टर्सचा खर्च मिळत आला आहे आणि शिक्षण युरोपात नव्हे, आपल्यासारख्याच देशांतल्या विद्यापीठांत होतं. ढाक्याचं ब्रॅक विद्यापीठ, इंडोनेशियातलं गाजा मादा, घाना विद्यापीठ, जोहान्सबर्गचं विटवॉटर्सरँड ही त्यातली काही. योजना चालते हे सगळ्यांना ठाऊक असूनही गावात पोचल्यावर ती का अडखळते, हा अंमलबजावणी संशोधनाचा गाभा. आशाताईंसोबत फिरलेल्या मुलामुलींसाठी याहून योग्य अभ्यासक्रम मला माहीत नाही.

पूर्ण पदवीसाठी जायचं असेल तर ब्रिटनची कॉमनवेल्थ स्कॉलरशिप पाहा. तिच्या विषयांमध्ये आरोग्यव्यवस्था बळकट करणं हा स्वतंत्र विषय आहे. चिव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि पदवीनंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. अमेरिकेच्या फोगार्टी केंद्राचा ग्लोबल हेल्थ कार्यक्रम वर्षभराच्या संशोधनाचा. तो तिथल्या विद्यापीठांच्या गटांमार्फत चालतो, त्यामुळे तुमची संस्था त्या गटाशी जोडलेली आहे का हे आधी तपासा. पीएचडी संपत आली असेल आणि भारतातच संशोधन करायचं असेल तर २००८पासून चालू असलेली इंडिया अलायन्सची फेलोशिप आहे.

खर्चाची जोड आपल्याकडूनही मिळू शकते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. राज्य सरकारच्या सारथी, महाज्योती, बार्टी या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतं. तिच्या अगदी पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या.

अर्जासाठी, मुलाखतीसाठी किंवा 'प्रोसेसिंग'साठी जागतिक आरोग्य संघटना एक रुपयाही घेत नाही. कुणी मागितला, किंवा निवडीचं पत्र जीमेलवरून आलं, तर ती फसवणूक आहे. पत्र लगेच उडवू नका. ते सायबर पोलिसांकडे द्या.

पायरी ४: कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

जाहिरात निघाल्यावर कागद गोळा करायला बसलात तर उशीर झालाच म्हणून समजा. माझ्या पहिल्या अर्जाच्या वेळी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा हातात आला तेव्हा मुदत उलटून अकरा दिवस झाले होते.

आपल्याकडचा खास घोळ नावाचा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि वडिलांचं नाव कधी तुमच्या नावाला जोडलेलं, कधी नाही. लग्नानंतर आधारवर नाव बदललं, पदवीवर माहेरचं राहिलं. एक नियम पाळा: पासपोर्टवर जे नाव जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं, प्रत्येक अर्जात, शिफारसपत्रात आणि ईमेलमध्ये वापरा. पदवीवरचं नाव वेगळं असेल तर राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा.

पासपोर्ट नसेल तर आज अर्ज करा. वसतिगृहात राहत असाल तर पोलीस पडताळणी कुठल्या पत्त्यावर होणार हे आधी ठरवा; या एका गोष्टीत लोकांचे दोन-दोन महिने गेलेले पाहिले आहेत. असेल तर त्याची मुदत बघा: प्रवास संपल्यानंतरही निदान सहा महिने शिल्लक असावेत. पदवीला अपॉस्टील, म्हणजे परदेशात चालणारं अधिकृत साक्षांकन लागणार असेल तर त्याआधी राज्य पातळीवरची साक्षांकनं होतात, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. त्यालाही वेळ धरा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांनी बंधपत्राच्या सेवेची तारीख आणि फेलोशिपची तारीख एकमेकांवर येत नाहीत ना, हे अर्जाआधीच पाहावं.

आणि प्रबंधाच्या नीतिमत्ता समितीच्या, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीच्या मंजुरीचं पत्र. ते स्कॅन करून ठेवा. तुम्ही माणसांकडून माहिती गोळा केली आहे असं अर्जात म्हणता, तेव्हा ती परवानगी घेऊन केली का, हा प्रश्न येणारच.

पायरी ५: अर्जातलं पत्र

सुरुवात बहुतेकांची अशी असते: 'लहानपणापासून मला लोकांची सेवा करण्याची आवड आहे. आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन.' भावना खरी असेल, पण वाचणाऱ्यानं त्या सकाळी हेच वाक्य पन्नास वेळा वाचलेलं असतं. आता चॅटबॉटकडून लिहून घेतलेली पत्रंही अशीच एका छापाची येतात.

त्याऐवजी असं लिहून पाहा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे खरे घाला: 'मी दोन तालुक्यांतल्या ४० ऊसतोड कुटुंबांशी हंगामाआधी आणि हंगामानंतर बोलले. त्यांच्यातल्या उपचार चालू असलेल्या सात क्षयरुग्णांपैकी चौघांच्या गोळ्या पहिल्या महिन्यातच तुटल्या. त्या चौघांपैकी तिघांकडे पुढच्या केंद्राचं पत्र होतं; पण ते केंद्र फडापासून २० किलोमीटरवर होतं आणि खाडा पडला तर मजुरी कापली जाते. तुमच्या विभागात स्थलांतरितांच्या उपचारावर जे काम चालू आहे, त्यात मला या माहितीची मांडणी आणि मुलाखतींचं विश्लेषण करता येईल.'

यात तुम्ही काय केलंत, काय सापडलं आणि त्यांच्या काय उपयोगी पडाल, हे सगळं आलं. शेवटचं वाक्य लिहिण्यासाठी त्या विभागाचे गेल्या दोन वर्षांतले अहवाल वाचावे लागतात. वाचा. दुसरा मार्ग नाही. 'जागतिक आरोग्य संघटनेत' काम करायचंय असं म्हणणाऱ्याला कुठल्या विभागात बसवायचं हे कुणालाच समजत नाही.

जे करता येतं ते साधेपणानं सांगा. स्टाटा किंवा आर ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर येत असतील तर त्यात काय केलंय ते लिहा. मराठी, अहिराणी, गोंडी, कोरकू, दख्खनी, जी बोली येते ती भाषांच्या यादीत टाका. मुलाखती घेणाऱ्या संशोधकासाठी ते कौशल्य आहे, लपवायची गोष्ट नव्हे. जिनिव्हा आणि ब्राझाव्हिल या दोन्ही गावांची रोजची भाषा फ्रेंच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, पुण्या-मुंबईत अलियान्स फ्रान्सेज आहे. प्राथमिक पातळीसुद्धा अर्जात आणि नंतर दुकानात उपयोगी पडते.

पैसे भरून आठवड्याभरात छापून देणाऱ्या जर्नलमधला निबंध यादीत घालू नका. निवड करणारे ती नावं ओळखतात, आणि मग तुमच्या खऱ्या कामावरही संशय येतो. एकही निबंध नसला तरी बिघडत नाही.

शिफारसपत्रांबद्दल थोडं सविस्तर. आपल्याकडे सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." त्यांच्याकडे वेळ नसतो हे समजू शकतं, पण तुम्ही लिहिलेल्या दोन पत्रांची भाषा एकसारखी येते आणि ती पकडली जाते. शिवाय बऱ्याच ठिकाणी शिफारस करणाऱ्यालाच थेट लिंक जाते. यावर एक उपाय मला लागू पडला आहे. सरांना किंवा मॅडमना एक पानाचं टिपण द्या: मी तुमच्याकडे अमुक काळ काम केलं, अमुक अडचण आली तेव्हा मी हे केलं, तुम्ही त्या वेळी असं म्हणाला होतात, मी ज्याला अर्ज करते आहे ते हे, शेवटची तारीख ही. प्रसंग आयते मिळाले की सहसा माणसं स्वतःच्या शब्दांत लिहितात, आणि मनापासून लिहितात. दुसरं पत्र मोठ्या पदावरच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाचं घेऊ नका. ज्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी तुम्हाला पावसात उपकेंद्रांवर जाताना पाहिलंय, त्यांचं घ्या.

पायरी ६: मुलाखत

साधारण अर्ध्या तासाची, व्हिडिओवर. जिनिव्हाची वेळ आपल्या मागे असते: उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. ही एका तासाची चूक दर वर्षी कुणीतरी करतं. गावी लोडशेडिंगचा भरवसा नसेल तर त्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी मित्राकडे जाऊन बसा आणि दुसऱ्या फोनवर हॉटस्पॉट तयार ठेवा.

प्रबंधावर, त्या विभागाच्या एखाद्या अहवालावर, आणि एखाद्या वेळी तुमचं इतरांशी पटलं नाही तेव्हा काय केलंत यावर प्रश्न येतात. तिसऱ्या प्रश्नाला 'माझं सगळ्यांशी पटतं' असं उत्तर देऊ नका. खरा प्रसंग सांगा. एखादी गोष्ट येत नसेल तर येत नाही म्हणा आणि ती शिकायला किती दिवस लागतील ते सांगा. इंग्रजी संथ बोललात तरी चालतं. समोरच्या निम्म्या लोकांचीही ती मातृभाषा नसते.

पायरी ७: पैसे, व्हिसा, लस

निवडीचं पत्र आलं की आनंदाच्या भरात लगेच 'हो' कळवू नका. त्याच संध्याकाळी वही घ्या आणि रकाने पाडा: तिकीट कोण देणार, व्हिसाचा खर्च कोण देणार, विमा आहे का, भत्ता किती आणि तो महिन्याच्या कुठल्या तारखेला येणार. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. भत्ता महिनाअखेरीला आला तर पहिला महिना, घराची अनामत आणि तिकीट हे सगळं तुमच्या खिशातून जातं. लोक इथे अडकतात, भत्ता पुरेसा असूनही. ही रक्कम नातेवाइकांकडून उसनी घ्यायची की एखाद्या न्यासाकडून मिळवायची हे अर्ज करतानाच ठरवलेलं बरं. विमानाचं तिकीट इंटर्नलाच काढावं लागतं हे गृहीत धरून चाला; मिळालंच तर चांगलं.

घरी सांगतानाही हीच वही उघडा. "पगार किती?" हा बाबांचा पहिला प्रश्न असतो, आणि "तिथे सोबत कोण?" हा आईचा. दोन्ही रास्त आहेत. राहण्याचा पत्ता, विम्याचा कागद आणि परतीची तारीख समोर ठेवली की घरातला सूर बदलतो.

जिनिव्हात घर मिळणं कठीण आणि महाग. पुष्कळ इंटर्न सीमेपलीकडे फ्रान्समध्ये, फर्ने-व्होल्तेर किंवा आनमासला राहतात आणि रोज ये-जा करतात. मात्र तुमचा व्हिसा स्वित्झर्लंडचा असेल आणि राहायला फ्रान्समध्ये जाणार असाल तर ते चालतं का, हे संस्थेच्या मनुष्यबळ विभागाला लेखी विचारून घ्या. ९० दिवसांपर्यंतचा मुक्काम शेंगेन अल्पमुदतीच्या व्हिसावर होतो; त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय, म्हणजे डी प्रकारचा व्हिसा लागतो आणि त्याला बराच जास्त वेळ जातो. बारा आठवडे आणि चौदा आठवडे यांतला फरक नुसता दोन आठवड्यांचा नाही, तो व्हिसाच्या प्रकाराचा आहे. तारखा मान्य करण्याआधी हे मोजा.

आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) देशात जाणार असाल तर लस सरकारमान्य केंद्रावरच घ्या, आणि प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. २०१६पासून ते आयुष्यभर चालतं. ते नसताना भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हे प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, पासपोर्टच्या आतच ठेवा, बॅगेत नको.

पायरी ८: तिथे गेल्यावर

पहिल्या आठवड्यात तुमच्या वरिष्ठांकडून कामाचं स्वरूप लेखी मागून घ्या. शेवटी काय तयार झालेलं असेल, अहवाल की निबंध की माहितीचा तक्ता, आणि त्यावर तुमचं नाव कुठे असेल, हे त्यात असू द्या. आपल्या मुलांना नावाबद्दल विचारायला संकोच वाटतो. पहिल्या आठवड्यात विचारलं तर ती कामाची गोष्ट असते. शेवटच्या आठवड्यात तीच तक्रार वाटते.

तुम्ही इथून नेलेली माहिती ही ज्यांनी ती सांगितली त्यांची आहे. प्रबंधासाठी मिळालेली नीतिमत्ता समितीची परवानगी परदेशी संस्थेच्या कामाला आपोआप लागू होत नाही. रुग्णांची नावं, फोन, गावाचा नेमका ठावठिकाणा असलेली फाइल तिथल्या संगणकावर चढवू नका. परदेशी संस्थेसोबत नवं आरोग्य संशोधन उभं राहत असेल तर आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीची मंजुरी लागते. तुमच्या वरिष्ठांना हे माहीत नसेल तर तुम्ही सांगा. त्यानं तुमचा मान वाढतो, कमी होत नाही.

बैठकीत आपल्या भागाबद्दल चुकीचं बोललं गेलं तर गप्प बसू नका. 'ग्रामीण भारतात महिला दवाखान्यात जातच नाहीत' असं एकदा माझ्या समोर म्हटलं गेलं. मी शांतपणे सांगितलं की त्या जातात. केंद्राचं कुलूप बघून परत येतात. नंतर त्या बैठकीच्या टिपणात हे वाक्य आलं.

शेवटच्या दोन आठवड्यांत हे उरकून घ्या: प्रमाणपत्रावर नाव पासपोर्टप्रमाणे आहे का ते तपासा, निबंधाचा पुढचा खर्डा कुणाकडे आहे आणि कधीपर्यंत येणार ते ईमेलवर नोंदवा, वरिष्ठ पुढे शिफारस देतील का ते समोर विचारा, आणि तिथे केलेल्या कामातला जो भाग बाहेर न्यायची परवानगी आहे तो लेखी संमतीसह स्वतःच्या ईमेलवर घ्या. संस्थेचा ईमेल मुदत संपली की बंद होतो. माझा शुक्रवारी संध्याकाळी बंद झाला, आणि ज्या आशाताईंना मी निष्कर्षांचं मराठी टिपण पाठवणार होते त्यांची यादी त्यातच होती. ती परत मिळवायला मला तालुक्याला तीन खेपा घालाव्या लागल्या.